सुकेशनीची मान

बरं, मी सांगते ते नीट ऐका, कारण मलाच ते नीट समजलेलं नाही. आमच्या झुंबाच्या बॅचमधल्या सुकेशनीच्या अंगात देवी आली होती का नव्हती, यावरून परभणीत आमच्या वसमत रोडच्या बाया आजही भांडायल्यात. आली म्हणणाऱ्या ढीगभर. नाही म्हणणारी एकटी सुकेशनी. आणि मी मधे लटकलेली. मी तिची शेजारीण, त्या दिवशी तिच्या उजव्या हाताला मीच उभी होते, सगळं या डोळ्यांनी बघितलं. तरी मला कुणी दिवसा विचारलं तर मी 'छे, काहीतरीच' म्हणते, आणि अंधार पडल्यावर विचारलं तर गप बसते.

मी राजेश्री. माझं फॉल-पिकोचं आणि ब्लाऊजचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. सुकेशनी खंदारेचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं. ती एका हायस्कुलात क्लार्क आहे. नवरा नागसेन सर, सोनपेठकडं शाळेवर, रोज एसटीनं जाऊन येऊन. तिचं माहेर पेडगावचं, माझं पोखर्णीचं. आमच्या पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात मी लहानपणी लय बाया घुमताना बघितल्यात, माझी सख्खी चुलती घुमायची. त्यामुळं या विषयातलं मला काही कळत नाही असं कुणी म्हणू नये.

सुकेशनी म्हणजे सरळ बाई. बोलायला सरळ ते तर आहेच, पण उभी राहायला पण सरळ. चालायली की डोक्यावर भरलेली घागर आहे असं वाटायचं. मी तिला चिडवायची, "अगं, कुणी हाक मारली तर नुसती मान वळव की, सगळी बाई कशाला वळवतीस?" ती हसायची. एकदा पापड लाटता लाटता तिनं त्याचं कारण सांगितलं.

तिची आजी तानुबाई. ही आजी तरणी होती तेव्हा तिच्या अंगात वारं यायचं. हलगी वाजली की ती घुमायला लागायची, अख्खं गाव येऊन पाया पडायचं, आपलं दुखणंखुपणं विचारायचं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावाच्या विहिरीवर आजी लांब उभी. कुणीतरी वरून पाणी ओतलं तर घागर भरायची, नाही तर तशीच घरी. छप्पन्न साली यांच्या घरानं धम्म घेतला. आजोबा लिंबाजींनी घरातले देव नेऊन नदीत सोडले. देव सोडायला नदी होती, पण आजीच्या अंगातलं कुठं सोडणार? मग आजीनं मान हलवायचीच सोडून दिली. पुढं कधी गावात हलगी वाजली की ती घरात जायची आणि जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरून बसायची, वाजायचं थांबेपर्यंत. सुकेशनी लहान असताना लग्नाच्या बँडवर जराशी डोलली की आजी मागून येऊन तिचं डोकं धरायची आणि म्हणायची, "मान धर."

"मग मी धरली," सुकेशनी म्हणाली, "ती अजून सोडली नाही." असं म्हणून तिनं पुढची लाटी लाटायला घेतली.

आता या बाईला झुंबाला नेली कुणी, तर मीच. तिची पाठ लय दुखायची, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडली. माझं म्हणाल तर दुसऱ्याचे ब्लाऊज शिवणारीला स्वतःचाच ब्लाऊज होईना झाला होता. आमच्या घरापासून जवळच खताच्या दुकानावर परमेश्वर नावाच्या एकाची जिम आहे. सकाळची बॅच फक्त बायांची. जिना चढायलो की युरियाचा वास, वर गेलं की घामाचा. शिकवायला नीलम मॅडम, पंचविशीतली पोरगी, गालाला माइक चिकटवलेला. ती इंग्रजीत मोजायची आणि आमी मराठीत चुकायचो. ओढण्या कंबरेला बांधलेल्या, कुणाचा पदर खोचलेला, कुणाच्या पायात लेकाचे बूट. पहिले काही दिवस सगळ्यांची नुसती टक्कराटक्करी. लय हसायचो आमी.

बॅचमधल्या मोठ्या म्हणजे पार्वतीबाई. गोदाकाठची बागायती, घरात दोन ट्रॅक्टर, गुडघे मात्र कामातून गेलेले. सगळ्या त्यांना काकू म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी सुकेशनीला हौसेनं विचारलं, "कुठल्या गं तुमी?" पेडगाव म्हणल्यावर खूश झाल्या. मग विचारलं, "आडनाव काय म्हणलीस?" सुकेशनीनं सांगितलं. "अस्सं, अस्सं," म्हणल्या आणि आपली चटई उचलून खिडकीपाशी गेल्या, तिथं वारं चांगलं येतं म्हणून. तिथं पंखासुद्धा नव्हता. बोलल्या काही नाहीत. तशा कधी वाईट बोलल्या नाहीत. नुसत्या खिडकीपाशीच राहिल्या.

सुकेशनी मागच्या रांगेत खांबासारखी उभी असायची. हातपाय बरोबर हलवायची, चुकायची कमीच, पण वरचा भाग जागचा हलायचा नाही. नीलम मॅडम म्हणायच्या, "आता मान गोल फिरवा, सावकाश." तर सुकेशनीचे हात आपोआप वर जायचे आणि स्वतःचं डोकं धरायचे. मॅडमला काही समजेना. मला समजायचं. पण बाई चिवट. महिना गेला, दोन गेले, हात खाली राहायला लागले. मग मान थोडी इकडं, थोडी तिकडं. एक दिवस जिना उतरताना माझा हात घट्ट धरून म्हणाली, "राजेश्री, मला मान आहे गं!"

मी म्हणलं, "तुझ्या शाळेत तर लयच आहे. हेडमास्तर तुला विचारल्याशिवाय सही करत नाहीत."

"ती नाही गं येडे, ही," म्हणून तिनं मानेवर मागून हात ठेवला. इतकी खूश मी तिला तिच्या लेकीच्या बारावीच्या निकालाला पण बघितली नव्हती. चाळिशी ओलांडलेली बाई जिन्यात उभी राहून मान हलवून दाखवायली, आणि खालचा खतवाला तोंड उघडं टाकून बघायला. मला तर हसावं का रडावं तेच कळंना.

आता तो मंगळवार. मंगळवार होता याची मला नंतर बायांनी आठवण करून दिली, तेव्हा वार कुणाच्या ध्यानात होता? नीलम मॅडमनी त्या दिवशी नवीन गाणं आणलं. शब्द कमी, नुसती हलगी आणि खाली ढोल. अशी हलगी की खिडकीच्या काचा थरथरायल्या. आमी सुरू केलं. मधेच सुकेशनीच्या केसाची क्लिप तुटली आणि केस मोकळे सुटले. तिनं आवरले नाहीत. मी बाजूला बघितलं तर तिचे डोळे मिटलेले. मान, खांदे, केस, सगळं एका तालात जायलं. तोंडानं हुं हुं करायली. मॅडमच्या स्टेप एकीकडं, ही एकीकडं. एकेक बाई थांबायला लागली. मग गाणं संपलं. आणि ही थांबली नाही! गाणं नाही, हलगी नाही, तमाम बाया गार, आणि ही त्या शांततेत आपली डोलायली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

पार्वतीकाकू खिडकीपासून चालत आल्या. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि गावाकडं विचारतात तसंच विचारलं, "कोण आलीस माय? काय पायजे तुला?"

सुकेशनीनं डोळे उघडले. दम लागलेला, घाम गळायला, समोर हात जोडलेली काकू. तिला काहीच कळंना. तिनं आजूबाजूला बघितलं आणि धापा टाकत म्हणाली, "लिंबू."

अगं माय! झालं! तुमाला म्हणून सांगते, ती रोज बॅच संपल्यावर लिंबूपाणी पिते. उन्हाळा-पावसाळा, रोज. 'पाणी' म्हणायच्या आधी तिचा दम संपला, एवढंच. पण देवीनं लिंबू मागितल्यावर आता काय राहिलं? काकू तिथल्या तिथं पायावर. गुडघे दुखतात म्हणून मांडी न घालणारी बाई फरशीवर आडवी! तिच्या मागं बाकीच्या. नीलम मॅडम माइकमधूनच म्हणाली, "एक्स्क्यूज मी, काय चाललंय?" आणि तो आवाज चारी भिंतींतून घुमला, त्यानं तर अजून दोघी पाया पडल्या.

सुकेशनी मागं सरकली, भिंतीला टेकली. "अहो उठा! मला काही झालं नाही! मला गाणं आवडलं, बस!" असं ती दहादा म्हणाली. पण तिनं म्हणून काय होतं? काकू म्हणल्या, "देवी आसंच म्हणती. ती कधी मी आले म्हणून सांगत न्हाई."

आता याला काय उत्तर आहे, सांगा मला. हो म्हणलं तरी देवी, नाही म्हणलं तरी देवी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

पुढं जे सुरू झालं ते विचारू नका. बाया नारळ घेऊन यायला लागल्या. झुंबाला! बूट एकीकडं, ओटीचं ताट एकीकडं. कधी जिमची पायरी न चढलेल्या नवीन बाया मंगळवारी आणि शुक्रवारी नाव घालायल्या. परमेश्वर खूश, त्यानं आरशाच्या वर देवीचा फोटो लावला आणि उदबत्ती. नीलम मॅडम बिचारी मला कोपऱ्यात नेऊन विचारायली, "ताई, मी गाणं बदलू का? का नको? बदललं तर कुणाला राग येईल?" मी काय सांगणार कप्पाळ?

आणि सुकेशनीच्या भोवती रिकामी जागा. तिच्या जवळ उभं राहायला कुणी धजेना. आधी मागच्या रांगेत आमची खेटाखेटी असायची, हिचा कोपर तिला, तिची ओढणी हिला. आता तिच्या चारी बाजूंनी फरशी मोकळी. ती नाचली की बाया नाच सोडून बघत राहायच्या. मग तिनं नाचायचंच सोडलं, नुसती उभी राहायली, तर कुजबुज सुरू, "कोपली गं, काहीतरी चुकलंय आपलं." दुसऱ्या दिवशी दुप्पट नारळ. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं तिला.

तिच्याकडच्या लोकांचं तर वेगळंच. रविवारी विहारात एका म्हातारीनं तिला बाजूला घेऊन म्हणलं, "का गं सुकेशनी, तुझ्या आजोबानं कशासाठी देव सोडले होते? तू परत आणायलीस म्हणं?" ती घरी येऊन उन्हात वाळवण घातलेल्या बाजेवर तशीच बसली, शेवयांवर. मी म्हणलं शेवया मोडायल्यात, तर म्हणाली मोडू दे.

मी नागसेन सरांना भिंतीवरून म्हणलं, "सर, हिला नका पाठवू आता." ते म्हणाले, "जाणं बंद केलं तर म्हणतील खरंच होतं, म्हणून लपून बसली. गेली तर पाया पडतील. मला तर काही सुचंना, राजेश्रीताई." मुलांना गणित शिकवणारा माणूस, त्याला सुचंना, तर मी कोण?

तिच्याशी मी पण एकदा चुकीचं बोलले असेन. कपडे वाळत घालताना विचारलं, "सुकेशनी, खरं सांग, तुला काहीच वाटलं नाही? म्हणजे अंगात काहीतरी... गार, गरम?"

तिनं हातातला टॉवेल तसाच धरला. "तू पण?"

"अगं, तसं नाही."

"वाटलं ना," ती म्हणाली. "का नाही वाटलं? इतकं वाटलं की मला गाणं संपल्याचं कळलं नाही. पण ते काय होतं ते मला विचार की! सगळ्या देवीलाच विचारायल्या, मला एकीनं विचारलं नाही." मग आवाज चढला तिचा. सुकेशनीचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "त्या काकू. आधी माझ्या शेजारी उभ्या राहायच्या नाहीत, लांब जाऊन उभ्या. आता पायावर डोकं. माझ्या आजीचं पण हेच. अगं, लांब नाही तर पायाशी, एवढ्या दोनच जागा आहेत का बाईला? बाजूला कुणी उभं राहायचं का नाही?"

 मी गुमान तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला.

त्यानंतरच्या मंगळवारी काकू त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. सून गरीब पोर, लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. खाली मान घालून उभी. ताटात खण, नारळ, हळद. काकूंनी पदर पसरला आणि म्हणल्या, "माय, आज ये. हिचं काय ते सांगून जा. तुझ्याशिवाय मला कुणी न्हाई." आणि काकूंच्या डोळ्यांतून पाणी. नाटक नव्हतं ते. ती बाई खरंच रडायली होती, आणि मला काकूंचा राग पण यायला आणि कीव पण. दोन्ही एकदम कसं येतं देव जाणे.

सुकेशनीनं आधी त्या सुनेकडं बघितलं. मग तिनं सुनेच्या हातातलं ताट घेतलं, बाकावर ठेवलं आणि तिला म्हणाली, "पोरी, हे मला सांगता येत नाही गं. चांगल्या डॉक्टरीणबाई माहीत आहेत मला, आपण दोघी जाऊ. जाऊ ना?" पोरीनं सासूकडं बघितलं आणि मग हळूच हो म्हणली. सुकेशनी मॅडमकडं वळली. "मॅडम, ते हलगीचं गाणं लावा."

"नक्की?" मॅडम घाबरली.

"लावा."

तिनं केसांचा करकचून अंबाडा घातला. वर घाम पुसायची दस्ती बांधली. पुढच्या रांगेत, बरोबर मधे, आरशासमोर जाऊन उभी राहिली. हलगी सुरू झाली. आमी सगळ्या भिंतीला.

सुकेशनी नाचली. काय नाचली म्हणून सांगू! एक स्टेप चुकली नाही. मॅडमचा पाय जिथं, हिचा पाय तिथं. वळली की एकेकीच्या डोळ्यांत बघायची, हसायची, नाव घ्यायची, "ये की गं राजेश्री, उभी काय राहिलीस?" मी गेले. धडधडत गेले, पण गेले. डोळे तिचे टक्क उघडे. गाणं संपलं, त्या क्षणाला ती थांबली. शेवटच्या ठोक्यावर पाय खाली, संपलं. एक श्वास जास्तीचा नाही. नंतर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "लिंबूपाणी आहे का कुणाकडं? लिंबू-पाणी. प्यायचं."

कुणीतरी फिदकन हसलं. मग दोघी हसल्या. मग सगळ्या हसत सुटल्या, नीलम मॅडमनी माइक काढून हसायला सुरुवात केली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मी सुकेशनीकडं बघितलं. ती हसत नव्हती. नेहमीसारखी सरळ उभी होती.

पार्वतीकाकू बाकावरून ताट उचलून पुढं आल्या. चेहरा पडलेला. "आज न्हाई आली," त्या म्हणल्या.

"काकू, त्या दिवशी पण देवी आली नव्हती," सुकेशनी म्हणाली. अगदी हळू, आपल्या आईला सांगावं तसं. "त्या दिवशी माझ्या अंगात मीच आले होते."

काकूंनी विचारलं, "मंग आज?"

"आज तुमी सगळ्या बघायल्या होत्या. तुमी असं बघायला लागल्यावर मला येता येत नाही."

काकूंना ते कितपत समजलं मला माहीत नाही. पण त्या खिडकीकडं गेल्या नाहीत. ताट हातात घेऊन तिथंच तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. मग एकदम विचारलं, "मंग परत कधी येशील, बाई?"

देवीला विचारलं का सुकेशनीला विचारलं, ते मला कळलं नाही. सुकेशनीला कळलं असावं, कारण तिनं नुसती मान काकूंकडं वळवली, सगळी बाई नाही.